चार माणसं द्या

गावात शिरलं की गाडी थांबायची. आमच्या मॅडम दार उघडून आधी एक पाय बाहेर टाकायच्या, मग डोकं, मग उरलेल्या मॅडम. नीट उभ्या राहिल्या की उजव्या हाताची चार बोटं वर करून म्हणायच्या, "चार माणसं द्या."

आजारी जनावर कुठंय, किती दिवसांपासून खात नाही, हे सगळं नंतर. आधी चार माणसं. नवख्या माणसाला वाटायचं, म्हैस आडवी पाडायला माणसं मागून राहिल्यात. तसं नव्हतं. माणसं गाडी फिरवायला लागायची. त्या गाडीला रिव्हर्स नव्हता.

मी अर्धापूरच्या पलीकडच्या एका सरकारी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर आहे. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, जनावराचं तोंड धरून उभं राहणं हे माझं काम. मॅडम आमच्या डॉक्टर. राहायला आम्ही दोघंही नांदेडला, त्यामुळं साडेसात वर्षं मी रोज त्यांच्याच गाडीतून दवाखान्यात गेलो. लोक म्हणायचे, ड्रेसरचं नशीब बघा, रोज मोटारीतून येतो. त्या मोटारीत एकदा बसून बघा, मग माझ्या नशिबाबद्दल बोला.

नांदेड-अर्धापूर रस्त्यानं तुमचं येणंजाणं असेल, तर तुम्ही ती गाडी पाहिलीच असेल. दोन माणसांची, कापडी टपाची, परदेशी बनावटीची जुनी स्पोर्ट्स कार. नाक लांब, बूड आखूड, वयानं माझ्यापेक्षा मोठी. एके काळी लाल होती म्हणे, मी पाहिली तेव्हा वाळल्या मिरचीच्या रंगाची झाली होती. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, लिहिलं तरी आमच्याकडं ते कुणी धड वाचलं नसतं. गावात तिला 'मॅडमची मगर' म्हणायचे. एका म्हातारीनं तर गाडीभोवती एक फेरी मारून सरळ विचारलं होतं, "बाई, वरला मजला कवा बांधणार?"

"पैसे आले की बांधू आजी," मॅडम म्हणाल्या.

गाडी इतकी बुटकी, की आत बसून हात खाली सोडला तर डांबर लागायचं. शेजारून उसाची ट्रॉली गेली की डोळ्यांसमोर फक्त तिच्या चाकाचे नट. मी नव्वद किलोचा माणूस. माझ्या दोन गुडघ्यांमध्ये गायीम्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या गार ठेवायचा नायट्रोजनचा कॅन, मांडीवर मॅडमची बॅग आणि परतीच्या वेळी कुणीतरी प्रेमानं दिलेला केळीचा घड. वर आणि गतिरोधक. मी आत असलो की गाडीचं पोट गतिरोधकाला घासायचं, म्हणून प्रत्येक गतिरोधकाच्या अलीकडं मॅडम म्हणायच्या, "ड्रेसर, उतरा." दवाखान्यापर्यंत सात गतिरोधक होते. सात वेळा उतरायचं, कॅन घेऊन चालत पलीकडं जायचं, पुन्हा घडी करून आत बसायचं. नोकरीवर पोचेपर्यंत माझी अर्धी नोकरी झालेली असायची.

एकदा पाय मोडलेली शेळी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायची होती. मॅडमनी शेळी माझ्या सीटवर बसवली, तिच्या पोटावरून पट्टा लावला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही काळीपिवळीनं या." मी जीपच्या मागच्या फळीला लोंबकळत नांदेडला आलो. शेळी वाऱ्याला कान लावून माझ्या आधी पोचली होती.

उन्हाळ्यात गिअरचा दांडा इतका तापायचा, की हात लावायची सोय नाही. म्हणून मॅडमनी त्यावर लेकीच्या लहानपणची लोकरीची कुंची चढवली होती. गोंड्यासकट. मे महिन्यात, टप उघडा, डोक्याला ओला पंचा, एक हात त्या कुंचीवर, अशा त्या गाडी चालवायच्या. गाडी सुरू करताना हलक्या आवाजात म्हणायच्या, "नडी, नडी." मॅडम उदगीरकडच्या, तिथं कानडी सगळ्यांनाच थोडीफार येते. नडी म्हणजे चल. पहिल्या दिवशी मला वाटलं मलाच म्हणून राहिल्यात, मी खाली उतरलो.

मी त्यांना किती वेळा म्हणालो असेन, "मॅडम, एक चांगली पांढरी चारचाकी घ्या. पगार हाय, लेक लातूरला नोकरीला लागली. कामून बेजार होता?"

त्या म्हणायच्या, "हिला काय झालं? पुढं जाते की."

एकदा मात्र नीट बोलल्या. विष्णुपुरीच्या बाजूला आम्ही पंक्चर काढायला थांबलो होतो. म्हणाल्या, "माझा बाप उदगीरला एका जहागीरदाराकडं मेकॅनिक होता. ही गाडी त्याच्याच जिम्म्यावर. वर्षातून चार वेळा चादर काढायची, चालू करून बघायची, परत चादर घालायची. आयुष्यभर बाप हिच्याखाली झोपला ड्रेसर. वरच्या सीटवर एकदाबी बसला न्हाई. आपल्या लोकांना तिथं कोण बसू देतं? मग ती माणसं हैदराबादला गेली, भंगार म्हणून ही बापाला देऊन टाकली. तोवर त्याचे गुडघे गेले होते. आत बसताच येईना."

मी पंक्चरवाल्याकडं बघत बसलो.

"म्हणून मी रोज बसते," त्या म्हणाल्या. "सणासुदीला काढली असती तर ती शोभेची झाली असती. भाजीला, दवाखान्याला, शेळीला, समद्याला हीच. हिच्यावर आता चादर पडू द्यायची न्हाई."

त्यानंतर मी पांढऱ्या चारचाकीचं नाव काढलं नाही. गतिरोधकाबद्दल कुरकुर मात्र चालू ठेवली, तेवढा माझा हक्क होता.

रिव्हर्स गेला तो मी रुजू झाल्यावर वर्षभरानं. आतलं एक चक्र तुटलं आणि तसलं चक्र कुठं मिळेना. मॅडमनी रिव्हर्सचा नाद सोडला. शहरात त्या असा रस्ता धरायच्या की मागं यायची वेळच येऊ नये. खेड्यातल्या बोळात ते जमायचं नाही. मग चार माणसं. गाडी हलकी. मागचं बूड चौघांनी उचलायचं, दोन पावलं सरकायचं, ठेवायचं. तीन-चार वेळा केलं की तोंड परतीच्या रस्त्याला. आमच्या गावांना त्याची इतकी सवय झाली, की मगरीचा आवाज आला की पारावरची माणसं उठून धोतरं खोचायला लागायची.

त्यात ठरलेले दोघं होते. एक माधवराव, केळीवाले, गावातलं मोठं घर. दुसरा किसन, बौद्धवाड्यातला, सालभर मिळेल ते काम करणारा, हाताला लोखंडासारखा कडक. पारापाशी दोन सिमेंटची बाकडी आहेत. एक माधवरावांसारख्यांचं, दुसरं किसनसारख्यांचं. कुठं लिहिलेलं नाही, पण चुकून कुणी चुकीच्या बाकड्यावर बसत नाही. गाडी उचलताना मात्र माधवरावांना डाव्या खांद्याचा त्रास, म्हणून ते उजव्या कोपऱ्याला, आणि किसनही उजव्याच हाताचा, म्हणून त्यांना खेटून. "दम धर की, किस्ना," हे म्हणायचे. "तुमीच ढिले सोडून राहिलात, माधवराव," तो म्हणायचा.

मग गाडीचं पासिंग आलं. जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी नव्यानं परवानगी लागते. पास झाली नाही तर रस्त्यावर आणायची नाही. आरटीओचा साहेब गाडी पुढं घ्यायला सांगतो, ब्रेक लावायला सांगतो आणि मागं घ्यायला सांगतो. मॅडम दोन दिवस धड जेवल्या नाहीत. डब्यातली भाकरी मला देऊन टाकायच्या.

शेवटी लेकीनं लातूरला एक म्हातारा लेथवाला शोधून काढला. तुटलेल्या चक्राचे तुकडे रुमालात बांधून मी स्वतः एसटीनं लातूरला घेऊन गेलो. म्हाताऱ्यानं ते तुकडे हातात घेऊन बराच वेळ हुंगल्यासारखे बघितले आणि म्हणाला, "बनतं. पण घाई करू नका." तीन आठवड्यांनी चक्र आलं, बसलं. पासिंगच्या आदल्या दिवशी दवाखान्याच्या आवारात मॅडमनी गाडी हातभर मागं घेतली, लगेच थांबवली आणि खाली उतरून मागं काय आहे ते बघून आल्या. पाच वर्षांत त्या मागं बघायचं विसरल्या होत्या.

पासिंगच्या मैदानावर गावाहून माधवराव, किसन आणि किसनचा मेहुणा आले होते. कुणी बोलावलं नव्हतं. माधवरावांची गाय मॅडमनी वाचवली होती, त्यामुळं हे काम गावाचंच आहे असं त्यांनी ठरवलं होतं. मी फाईल धरून उभा. साहेब तरुण होता, गॉगल लावलेला, आवाज बेताचा. गाडी पुढं गेली. ब्रेक लागले. दिवे लागले. मग तो म्हणाला, "आता मागं घ्या."

मला सगळं माहीत होतं, हे मी पुन्हा सांगतो. चक्र मीच आणलं होतं. तरी 'मागं घ्या' हे शब्द कानावर पडले आणि माझी फाईल गवतात पडली. गाडीच्या बुडापाशी माझ्या आधी माधवराव पोचले होते. त्यांना खेटून किसन, पलीकडं मेहुणा आणि मी. एक, दोन, तीन म्हटलं आणि गाडीचं बूड वर.

तेवढ्यात मॅडमनी रिव्हर्स टाकला. मागची दोन्ही चाकं हवेत, उलटी, गरागरा फिरायला लागली. धूळ नाही, आवाज नुसता. चौघं जण गाडी धरून उभे आणि मॅडम आरशात बघून राहिल्यात की गाडी मागं कामून जाईना.

साहेबानं गॉगल काढला. "हे काय चाललंय?"

माधवराव धापा टाकत म्हणाले, "तुमीच म्हणलात न, मागं घ्या. घेऊन राहिलो."

मॅडम पुढं बघतच म्हणाल्या, "सोडा. खाली सोडा हो. आता तिची ती जाते."

आम्ही सोडली. सोडायच्या आधी इंजिन हळू करायला सांगायचं आम्हाला सुचलं नाही. गाडी सुटली ती सरळ मागं, साहेबानं आखलेली रेघ ओलांडून, पलीकडं ठेवलेल्या पिंपाला धडकून थांबली. पिंप रिकामं होतं, ते लोळत लोळत मोठ्या दरवाजापर्यंत गेलं.

मॅडमनी कुंचीचा गोंडा मुठीत आवळून धरला होता, सोडेनातच. सहा वर्षांत मी त्यांना म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून हसताना बघितलं होतं. घाबरलेलं तेव्हाच बघितलं.

साहेब खाली वाकला, चाकं बघितली, धुराची नळी बघितली. मग म्हणाला, "मॅडम, रिव्हर्स आहे यात शंका नाही. मी तर तो दोनदा बघितला. आता एकदा रेघेच्या आत घेऊन दाखवा. आणि ह्या चौघांना तिकडं चहाच्या गाड्यावर उभं करा."

आम्ही चहाच्या गाड्यावर उभे राहिलो. मॅडमनी मान पूर्ण मागं वळवली, "नडी" म्हणाल्या आणि गाडी रेघेच्या आत येऊन उभी राहिली. कागदावर शिक्का पडला तेव्हा किसन रडला. चहा गरम होता म्हणाला.

आता मला वाटलं, उचलाउचल संपली. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याच गावी गेलो, माधवरावांच्या गायीला लस द्यायला. बोळाच्या तोंडाशी गाडी थांबली. एक पाय, मग डोकं, मग उरलेल्या मॅडम. उजवा हात वर, चार बोटं. "चार माणसं द्या."

माधवरावांनी मॅडमकडं बघितलं. काल ह्याच माणसानं रिव्हर्स डोळ्यांनी बघितला होता. त्यांनी किसनकडं बघितलं, धोतर खोचलं आणि म्हणाले, "चल रे किस्ना."

परतताना मी विचारलं, "मॅडम, रिव्हर्स हाय न आता?"

"हाव, हाय. कुठं पळून चाललाय का?"

"मग कामून उचलायला लावता?"

गतिरोधक आला, मी उतरलो, चढलो. मग म्हणाल्या, "त्या पारावर दोन बाकडी हायत ड्रेसर. तुम्ही बघितलीच असतील. गाडी उचलताना कोण कुणाच्या शेजारी उभं हाय, कुणी बघत न्हाई."

त्यानंतर दीड वर्ष, मॅडम निवृत्त होईपर्यंत, आम्ही ती गाडी विनाकारण उचलली. माझ्या माहितीत तरी रिव्हर्स वापरला नाही.

मॅडम आता लातूरला लेकीकडं असतात. गाडी त्या स्वतः चालवत घेऊन गेल्या. माझ्या सीटवर भांड्यांचं खोकं होतं, त्याला पट्टा लावलेला.

आमच्याकडं नवे डॉक्टर आलेत. चांगले आहेत. त्यांच्या पांढऱ्या गाडीत मी पाय लांब करून बसतो, गतिरोधकाला उतरावं लागत नाही, आणि उतरावं लागत नाही म्हणून मला दर वेळी चुकल्यासारखं होतं. परवा आम्ही त्या गावी गेलो. गाडी थांबली तशी पारावरची माणसं उठली. डॉक्टरांनी बटण दाबलं, आत पडद्यावर मागचं चित्र आलं, गाडी टीं टीं करत आपली आपण फिरली.

संध्याकाळी मी मॅडमना फोन केला.

"नवी गाडी कशी हाय?"

"मागचं चित्र दिसतं मॅडम."

"आणि माणसं?"

"उठली होती. मग बसली."

"कशी बसली?"

मी म्हणालो, "माधवराव आणि किसन धोतर खोचून धावतच आले होते. गाडी आपोआप फिरली तसे दोघं बोलत बोलत मागं गेले आणि जवळचं बाकडं होतं त्याच्यावर बसले. एकाच."

तिकडं किल्ल्या खुळखुळल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "ठेवा आता. मला भाजीला जायचंय."

फोन ठेवायला त्या विसरल्या असाव्यात. दार लागल्याचा आवाज आला, मग "नडी, नडी," आणि दोनदा खोकून मगर चालू झाली.