सहा टॅबलेट आणि नळदुर्गची सहल

चहा गरम आहे तोवर ऐकून घ्या, कारण ही गोष्ट मी थांबून थांबून सांगू शकत नाही. मधेच थांबले तर पुढचं सांगायची हिंमत होत नाही. चुका काय, माझ्या हातून पुष्कळ झाल्यात. निवडणुकीच्या ड्यूटीला एक दिवस आधीच जाऊन बसले होते, तेही चालून गेलं. पण अख्ख्या गावाला सोबत घेऊन केलेला घोटाळा हा एकच. आणि केला कुणी? गावातल्या सगळ्यात हुशार बाईनं. मी नाही हो म्हणत, गाव म्हणायचं. आता जरा बेतानं म्हणतं.

लोहारा तालुक्यातल्या एका लहानशा गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिली ते चौथी, शिक्षक दोन, त्यातली मुख्याध्यापक मी. सहा वर्षांपूर्वी गावानं वर्गणी करून शाळेला सहा टॅबलेट आणि एक लॅपटॉप घेऊन दिला. कुणी सोयाबीनचं पोतं दिलं, कुणी एका दिवसाची मजुरी दिली. तो कार्यक्रम झाला तेव्हा मला इतकं भरून आलं की आभाराचं भाषण अर्ध्यावर सोडून खाली बसले. 

तर ते टॅबलेट गेल्या दिवाळीनंतर धड चालेनात. रात्रभर चार्जिंगला लावा, सकाळी बघा तर दोन टक्के. वायर जराशी हलवली की चार्जिंग बंद. लॅपटॉपची तऱ्हा आणखी वेगळी. पोरांना बेडकाचं जीवनचक्र दाखवायला बसावं, तर अंड्याचा बेडूकमासा होईपर्यंत तो तापायचा, पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा आणि बंद पडायचा. आमच्या पोरांनी बेडूक काही पाहिला नाही.

आता खरं सांगते, तुमच्याशी कशाला लपवू? नेमकं त्याच महिन्यात केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांच्या, शिक्षण परिषदेत शेजारच्या शाळेतल्या बाईंनी नवा टॅबलेट काढून टेबलावर ठेवला. पातळ म्हणजे किती, पापड जाड वाटावा. वर लिहायला पेन. बाई त्या पेनानं काचेवर भराभर गोल काढत होत्या आणि मी माझ्या पिशवीतला जुना टॅबलेट आणखी आत ढकलत होते. घरी आले आणि आठवडाभर मोबाईलवर दुसरं काही पाहिलंच नाही. नवा घ्यावा की जुना ठेवावा, यावर लोक तासतास बोलतात, माहीत आहे का? मी सगळे ऐकले. आठव्या दिवशी मी रॅम, प्रोसेसर असे शब्द कांदा, कोथिंबीर म्हणावं तसे वापरायला लागले.

शाळा समितीची बैठक बोलावली. अध्यक्ष महादेव तात्या, साठीचे, तीस एकराचे बागायतदार, बोलणं कमी. उपाध्यक्ष सुजाताताई कांबळे, अंगणवाडीत काम करतात, त्यांची प्राजक्ता आमच्या चौथीत.

"टॅबलेट संपले," मी जाहीर केलं. "सहा वर्षं म्हणजे यंत्राचं म्हातारपण. आता नवेच घ्यायला हवेत."

तात्यांनी डोकं खाजवलं. "घिऊ की. पर यंदा जमा झालंय ते सहलीचं. दोन्ही न्हाय व्हायचं, मॅडम."

इथं मेख होती. येळवस, म्हणजे आमच्याकडची वेळ अमावास्या, झाली की पोरांना नळदुर्गचा किल्ला दाखवायला न्यायचं ठरलं होतं. इथून काय ते अंतर, पण सहल दोन वर्षं हुकली होती. एकदा पावसानं, एकदा माझ्याच आजारपणानं. चौथीची सात पोरं यंदा शाळा सोडून लोहाऱ्याला जाणार. त्यांना तो किल्ला दाखवायचा म्हणजे हेच शेवटचं वर्ष.

सुजाताताई तात्यांकडं वळल्या. मग म्हणाल्या, "प्राजूनं लई ध्यास घेतलाय किल्ल्याचा. पर मॅडम म्हनत्यात तर यंत्र गेलंच असंल. पोरांचं शिकनं मोडाया नको. सहल ऱ्हाऊ द्या."

एवढा विश्वास. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर त्या विश्वासाला घाबरून एकदा तरी दुकानात जाऊन विचारलं असतं. मी मात्र मनातल्या मनात पेनानं गोल काढत होते.

पोरांना सांगितलं. प्राजक्तानं वहीच्या मागच्या पानावर काढलेल्या किल्ल्याला दार काढायचं राहिलं होतं ते काढून वही मिटली. मला जरा टोचलं, नाही असं नाही.

जुने टॅबलेट आणि लॅपटॉप दुकानदाराला देऊन नवे टॅबलेट आणायचे, असं ठरलं. जायच्या दिवशी सकाळी मला एक कल्पना सुचली. इथून पुढं चहाचा कप खाली ठेवा. आपल्याकडं दावणीचा बैल बाजाराला न्यायचा म्हटलं तर त्याला ओवाळतात, कपाळी हळदकुंकू लावतात, मगच कासरा सोडतात. मी म्हटलं, या टॅबलेटांनी सहा वर्षं पोरं शिकवली, यांना असंच कसं पाठवायचं? सतरंजी अंथरली, टॅबलेट ओळीनं मांडले, मधे लॅपटॉप. अठ्ठावीस पोरांनी एकेक करून हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. तात्यांनी नारळ फोडला. नारळाचं पाणी मात्र मी यंत्रावर शिंपडू दिलं नाही. तेवढं तंत्रज्ञान मला कळतं.

"त्ये पुसून घिऊ का, मॅडम?" तात्यांनी विचारलं.

"वाहिलेलं पुसायचं नाही," मी म्हणाले आणि सगळं तसंच पिशवीत भरलं.

जीपनं आम्ही उमरग्याला गेलो, मी आणि तात्या. तिथं रियाजभाई म्हणून एक आहेत. नवे विकतात, जुने दुरुस्तही करतात. दुकान लहान, माणूस शांत. मी खुर्चीवर बसले आणि पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. इतकी रॅम पाहिजे, असा प्रोसेसर पाहिजे, पेन पाहिजे. तात्या माझ्याकडं अभिमानानं बघत होते.

रियाजभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, ह्याच्यावर करायचं काय हाय?"

"पाढे, कविता, बेडकाचं जीवनचक्र."

"मंग एवढं घेऊन बेडूक काय वेगळा दिसनार हाय का?" ते म्हणाले. "जुनं काय झालंय ते दाखवा आधी."

मी म्हटलं, म्हातारं झालंय. त्यांनी एक टॅबलेट पिशवीतून काढला आणि उजेडात धरला. बोटं लाल झाली. त्यांनी बोटांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग बारीक चिमटा घेतला आणि चार्जिंगच्या भोकात घातला. आतून तांदळाचा एक दाणा निघाला. मग दुसरा. मग कुंकवाची वडी बनलेली एक गाठ. काउंटरवर कागद अंथरून ते काढत राहिले.

"मॅडम, ह्याच्यात पुलाव केलाता का?"

मला कानापर्यंत गरम झालं. "लहान मुलं असतात हो शाळेत," मी म्हणाले. "काहीही कुठंही घालतात."

बघा, अठ्ठावीस निष्पाप लेकरांवर ढकलून मी मोकळी झाले होते. पण शेजारी तात्या बसले होते, आणि तात्या खोटं बोलत नाहीत. मुद्दाम नाही, त्यांना ते सुचतच नाही.

"पोरांचं काय न्हाय, भाई," ते समजावून सांगायला लागले. "आमच्या शाळंत दसऱ्याच्या आदल्या दिशी पाटीपूजन असतंय. पैलं पाटीवर सरस्वती काढून पूजा व्हायची. टॅबलेट आल्यापास्नं मॅडम म्हनल्या, आता हीच आपली पाटी. मंग दर साली सगळी पोरं ह्याच्यावर हळदकुंकू वाहत्यात. आन् मॅडमचा नेम हाय, वाहिलेलं पुसायचं न्हाय."

"दर साली?"

"सहा सालं. आज सकाळी बी केली."

रियाजभाईंनी लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढले. काय दिसलं म्हणता? पंख्याची पाती दिसतच नव्हती. धूळ, हळद, कुंकू आणि निरांजनाची काजळी यांचा असा काही थर बसला होता की वर्षं मोजता आली असती. एका कोपऱ्यात झेंडूची पाकळीसुद्धा होती, वाळून कागद झालेली. गावच्या देवीला एवढी पूजा मिळत नसेल. आणि मी त्या बिचाऱ्याला म्हातारा म्हणत होते. सहा वर्षं तो नाकात कुंकू घेऊन पोरांना शिकवत होता.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी देवाचे आभार मानले असते. रियाजभाईंनी पंखा साफ केला, लॅपटॉप सुरू केला आणि म्हणाले, "आतली जागा बी भरलीया. ही कुनाची वरात हाय?"

माझ्या भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ. साडेतीन तासांचा. एकदा सापडला नाही म्हणून मी परत उतरवून घेतला होता, मग परत. एकूण अकरा वेळा एकच वरात त्या लॅपटॉपमध्ये फिरत होती. तात्या खुर्ची पुढं ओढून बघायला लागले आणि म्हणाले, "नवरदेव बरा हाय."

दोन तास गेले. रियाजभाईंनी ब्रश, चिमटा आणि कसलंसं स्पिरिट घेऊन एकेक टॅबलेट साफ केला. पाच सुरू झाले. सहावा खरंच गेलेला होता, त्याची बॅटरी फुगली होती. तेवढा एक टॅबलेट सोडला तर माझं सगळं निदान चुकलं होतं.

"आता नवं घ्यायचं का नाही, ते सांगा," मी हळूच विचारलं. पेन मनातून पुरता गेला नव्हता.

"इकायला मला काय, आत्ता काढून देतो," ते म्हणाले. "माझाच फायदा. पर जुन्यावर काम अडत असंल तर नवं घ्यावं. शेजारनीकडं हाय म्हनून घेऊ नये. तुमचं काम अडत न्हाय, मॅडम. नाक साफ ठेवा त्याचं, अजून तीन-चार सालं ओढंल."

शेजारच्या शाळेतल्या बाईंचं नाव मी तिथं काढलंच नव्हतं. दुकानात बसून रियाजभाईंना माणसं वाचता येत असावीत. पैसे विचारले तर म्हणाले, शाळेचं काम आहे, चहा पाजा. ज्या माणसाला सहा नवे टॅबलेट विकायची संधी आयती चालून आली होती, त्यानं चहावर काम भागवलं. मी त्या दिवशी त्यांना नीट धन्यवादही देऊ शकले नाही. तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं.

परतीच्या जीपमध्ये मी तात्यांना म्हटलं, "तात्या, गावात एवढं सगळं सांगायलाच पाहिजे का? दुरुस्त झाले म्हणू."

तात्या खिडकीतून ज्वारी बघत होते. "मी कशाला सांगतोय," ते म्हणाले. "तुमीच सांगा. पोरांस्नी तुमीच शिकवता की, चुकलं तर हात वर करायचा."

दुसऱ्या दिवशी समिती बसली, दारात पोरं गोळा झाली, आणि मी हात वर केला. खरोखर वर केला, हसू नका. पाटीपूजन, पुलाव, वरात, पेनाची हाव, सगळं सांगितलं. पोरांवर ढकललं होतं तेही सांगितलं. वाटलं होतं, आता सुजाताताई बोलतील. त्यांचा हक्कच होता, त्यांच्या लेकीची सहल मी एका पेनापायी बुडवत होते.

त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसणं थांबलं तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, तुमी न्हाय सांगितलं असतं तर आमाला काय कळनार व्हतं? सांगितलं, बास झालं. आता सहल कवा काढायची ते बोला."

सव्वीस वर्षं नोकरी झाली माझी. बक्षिसं मिळाली, शालीही मिळाल्या. पण त्या दिवशी त्या माणसांनी मला जसं सांभाळून घेतलं, तसं कुणी सांभाळलेलं आठवत नाही. मी चुकले, आणि त्यांनी मला मॅडमच राहू दिलं. त्यांच्या उपकारातून मी काही मोकळी होणार नाही, आणि मला व्हायचंही नाही.

येळवसच्या पुढच्या आठवड्यात एसटीची गाडी शाळेपुढं येऊन उभी राहिली. पोरं पहाटेपासून नटून बसली होती. ड्रायव्हरनं नारळ हातात घेतला. लांब जायचं, गाडीची पूजा नको का? कुणीतरी ताट आणलं. मी सवयीनं ते उचललं, हळदकुंकवाची चिमूट घेतली आणि बोनेटकडं निघाले.

प्राजक्ता आडवी आली. अदबीनं, दोन्ही हातांनी तिनं ताट माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली,

"मॅडम, तुमी लांबूनच नमस्कार करा. गाडीला नळदुर्गपर्यंत जायचंय."

मी लांबूनच नमस्कार केला.