‘शिजवून खा’ म्हणण्याआधी

डॉ. आवटी मॅडमना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की एकच प्रसंग आडवा येतो. त्यात त्यांचा मोठेपणा आहे आणि माझी चूक. दुसरी वगळून पहिला सांगता येत नाही.

वीस वर्षांपूर्वी मी त्यांच्या सांगलीच्या दवाखान्यात मदतनीस डॉक्टर म्हणून रुजू झालो. पहिल्याच केसपेपरवर मी लिहिले, ‘मासे खाऊन अंगावर गांधी उठल्या.’ मॅडमनी तो परत दिला. “कोणते मासे? नदीचे की समुद्राचे?” कृष्णाकाठी हा प्रश्न मला उगाच वाटला.

मूळच्या औंधजवळच्या, आता सांगलीत राहणाऱ्या एका निवृत्त सुभेदारांना पलटणीत असताना बांगड्याची गोडी लागली होती. त्यांना अॅलर्जी माशाची नव्हती, समुद्री माशातल्या बारीक जंताची होती. नदीचे मासे खा, समुद्राचे बंद, असे मॅडमनी बजावले होते. एकदा मॅडम साताऱ्याला गेल्या असताना सुभेदारांनी मला विचारले, “डॉक्टरसाब, लय शिजवून खाल्ला तर?”

“शिजल्यावर जंत मरतो. खा.”

तिसऱ्या दिवशी त्यांना आणले तेव्हा घसा सुजून श्वास अडकला होता. मॅडम परतल्या होत्या. त्यांनी मांडीत इंजेक्शन दिले आणि श्वास मोकळा होईपर्यंत त्या खाटेजवळून हलल्या नाहीत. जंत मरतो, पण अॅलर्जी आणणारा त्याचा अंश शिजूनही उरतो, हे मला माहीत नव्हते.

“शिमेवर काय झालं न्हाई तुमास्नी, आन् ताटावर जीव देताय व्हय?” बायको सुभेदारांवर कडाडली. दोष त्यांच्यावर गेला, याने मला क्षणभर हायसे वाटले.

“त्यांना बोलू नका,” मॅडम म्हणाल्या. “चूक आमची आहे.”

माझे नाव त्यांनी घेतले नाही. मग मीच सांगितले.

“कबूल केलंसा, झालं,” सुभेदार म्हणाले. “पन सुक्या मासळीचं काय?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. “मला माहीत नाही,” मी म्हणालो.

“तसंच पेपरवर लिहा. कळेपर्यंत बंद. आणि असं आणखी कोणाला सांगितलंत?”

त्या दिवशीच्या माझ्या डायरीत आधी ‘पेशंटने पथ्य मोडले’ असे लिहून खोडलेले आहे.

‘शिजवून खा’ असे मी आणखी एका बाईंना सांगितले होते, म्हसवडच्या. मॅडम माझ्याबरोबर एसटीने तिथे आल्या. बाई लेकीकडे राहायला गेल्या होत्या. कुठे, ते कोणाला ठाऊक नव्हते. शेजारणीकडे चिठ्ठी ठेवली. ती पोहोचली की नाही, आजही मला माहीत नाही. परतीच्या वाटेवर मॅडमनी धीर दिला नाही, रागावल्याही नाहीत. डबा उघडून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

मॅडमना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. ही इच्छा निखळ नाही. ‘माहीत नाही’ म्हणायला मला अजून त्या समोर असाव्या लागतात.