परत गेलेली ओवाळणी

माझ्या फोनचा पिन, पैसे पाठवायचाही, म्हणजे माझ्या मुलाची जन्मतारीख. दुसरे कुठले चार आकडे माझ्या लक्षात राहिलेच नसते. फोनवरून पैसे द्यायला त्यानेच मला शिकवलं, तेही रविवारची झोप मोडून. मुलुंडच्या आमच्या भाजीवाल्याकडे पहिल्यांदा माझे पैसे गेले तेव्हा तो म्हणाला, "झकास! आता कोणावर अवलंबून नाहीस तू, आई." मी हुरळून गेले. बँकेचे मेसेज मात्र त्याने स्वतःच्या फोनवरही वळवून घेतले होते; मी ते कधी उघडत नसे. "तुला ते ओटीपीबिटीपी जमायचं नाही," म्हणाला. मलाही ते पटलं.

माझ्या भावाशी त्याचं बोलणं बंद आहे. माहेरच्या घरावरचा माझा हक्क मी भावाच्या नावे सोडला, ते मुलाला सहन झालं नाही. तेव्हापासून घरात मामाचं नाव काढायची सोय नाही. म्हणून मी भाऊबीजेला कांदिवलीला जायचे ते मैत्रिणीकडे जाते असं सांगून. या वयात आईने मुलाशी खोटं बोलायचं! पण भावाला ओवाळल्याशिवाय माझी दिवाळी होत नाही.

यंदा भाऊ आजारातून नुकताच उठला होता. पाटावर बसवेना, म्हणून खुर्चीतच बसवून ओवाळलं. त्याने खिसे चाचपले आणि ओशाळून हसला. "माझ्याकडे सुटे नाय गो. थांब, फोनार टाकतंय." एकशे एक रुपये आले. ताट रिकामंच राहिलं, तरी आम्ही दोघं पोटभर हसलो.

मुलाच्या फोनवर त्याच क्षणी मामाचं नाव उमटलं असणार, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. संध्याकाळी घरी आले तर त्याने स्वतःहून चहा करून दिला. मला वाटलं, पोरगं आज खुशीत आहे.

चार दिवस भाऊ फोन उचलेना. पाचव्या दिवशी वहिनीने उचलला. "वन्सं, नको होती तर तिथेच सांगायचं ना," ती म्हणाली. "ओवाळणी परत पाठवतात का कधी? त्या रात्री ते जेवले नाहीत."

मी फोन उघडून पाहिला. भाऊबीजेच्या संध्याकाळी मी घरी येऊन आंघोळीला गेले होते, त्याच वेळी माझ्या खात्यातून एकशे एक रुपये भावाला गेले होते.

मुलगा कबूल झाला, अगदी सहज. "त्यांचे पैसे नकोत आपल्याला. तुझं काय गेलं यात, आई?"

माझं काय गेलं! ज्या तारखेला मी त्याला जन्म दिला, तीच दाबून त्याने माझं माहेर तोडलं होतं. शेजारणीने माझं पत्र फोडून वाचलं असतं तर मी भांडले असते, चाळ डोक्यावर घेतली असती. याला मात्र मी रात्री नेहमीसारखं जेवायला वाढलं.

वहिनीला खरं सांगायला फोन हातात घेतला की थांबते. सांगितलं तर माझा मुलगा त्यांच्या मनातून कायमचा उतरेल. नाही सांगितलं तर मी उतरलेलीच आहे. भावाच्या फोनवर ते पैसे पाठवणारीचं नाव दिसतं, ते माझं आहे.