बिल्ला ज्याचा त्याने फिरवायचा

ताईला ताई हे नाव दोनदा मिळालं. पहिल्यांदा ती चार वर्षांची असताना, धाकटी जन्मली तेव्हा. आणि दुसऱ्यांदा चोवीस वर्षांची असताना, घरापासून दोन विमानं लांब, तळ्याकाठच्या एका मुलांच्या उन्हाळी शिबिरात. तिथली रीत अशी, की मुलांना सांभाळणाऱ्या प्रत्येकाने आपलं खरं नाव फाटकाबाहेर ठेवायचं आणि शिबिरापुरतं एक टोपणनाव घ्यायचं. कुणी घुबड झालं, कुणी पाणमांजर. तिची पाळी आली तेव्हा तिला काही सुचेना, आणि तोंडून आपसूक 'ताई' निघालं. हा पक्षी असतो का, असं एका मुलीने विचारलं. असतो, पण फारसा उडत नाही, असं ताईने सांगून टाकलं.

खोटं नव्हतं ते. आईची दवाखान्यातली ड्यूटी पहाटेच सुरू व्हायची आणि बाबा तिच्याही आधी बाहेर पडायचे, त्यामुळे दहा वर्षांची असल्यापासून धाकटीची सकाळ ताईच्या ताब्यात होती. वेणी घालायची, बुटाच्या नाड्या बांधायच्या, पाण्याची बाटली भरायची, वेळापत्रक बघून दप्तर लावायचं, आणि धाकटी जिन्यातच पेंगायला लागली तर तिला कडेवर घेऊन तिच्या वाटणीचा जिनाही आपणच उतरायचा. पुढे ताई तरणतलावावर लहान मुलांना पोहायला शिकवू लागली. शिकवायची उत्तम, पण पालक तिच्यावर खूश असत ते वेगळ्याच कारणाने. तिच्याकडून पोर घरी यायचं ते डोकं कोरडं, बटणं लावलेली, पिशवीत ओला टॉवेल नीट घडी घातलेला. आई म्हणायची, हिला देवाने दोनच हात देऊन फसवलं.

शिबिरात तिच्या वाट्याला नऊ मुली आल्या, सात-आठ वर्षांच्या. एक लाकडी खोली, दोन ओळींत खाटा, दारात एक पायरी, पायरीवर अठरा बूट. सकाळी साडेदहाला तळ्यावर जायचं. तळ्याचा कारभार एका पन्नाशीच्या बाईंकडे होता. आखूड पांढरे केस, गळ्यात शिट्टी, बोलणं मोजकं. ताईने मनातल्या मनात त्यांचं नाव शिट्टीबाई ठेवलं होतं.

तळ्याला कुंपण होतं आणि कुंपणाच्या फाटकाशी, आतल्या बाजूला, एक फळा. फळ्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एकेका मुलाचा पत्र्याचा गोल बिल्ला. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने पांढरा. पाण्यात जाताना लाल बाजू वर करायची, बाहेर आल्यावर पांढरी. सगळे बिल्ले पांढरे झाले की शिट्टीबाई पाण्यावर एक नजर टाकत आणि फाटकाला कुलूप लावत. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, की बिल्ला ज्याचा त्याने फिरवायचा. मूल रडत असो, कुडकुडत असो, दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. ज्याने दुसऱ्याचा बिल्ला फिरवला, त्याचं तळं बंद.

ताईला हा सगळा कारभार जरा कोरडाच वाटला. सात वर्षांच्या लेकराला कसला आलाय नियम?

त्यातून तिच्या खोलीत गोगलगाय होती. हे नाव बाकीच्या आठ जणींनी ठेवलेलं. एक मोजा चढवायला तिला इतका वेळ लागे, की दुसरा कशाला घालायचा तेच ती विसरून जाई. चिडवण्याचं तिला काही वाटत नसे. उलट तिने ताईला समजावून सांगितलं, की गोगलगायीला घरची आठवण येत नाही, कारण घर पाठीवरच असतं. हे सांगताना तिचे डोळे भरले होते.

झालं. ताईचा जीव तिथेच अडकला. गोगलगायीच्या नाड्या ताई बांधू लागली, केस ताई विंचरू लागली, आणि तळ्यावरून निघताना ती टॉवेलमध्ये गुरफटून बसलेली असे तेव्हा तिचा बिल्लाही ताईच जाता जाता फिरवू लागली. एक बोट लावलं की काम व्हायचं.

बाराव्या दिवशीही तिने तसंच केलं. जेवणाची घंटा झाली होती. बिल्ला पांढरा करून ताई आठ जणींना घेऊन पुढे झाली. नववी मागून येतेच आहे अशी तिची समजूत. शिट्टीबाईंनी फळा पाहिला, पाणी पाहिलं, कुलूप लावलं. भोजनगृहात ताईने ताटं मांडली आणि एका ताटासमोर कुणीच नव्हतं.

उतारावरून ती कशी धावली ते तिला नंतर आठवलं नाही. कुंपणावर चढताना तिची सलवार फाटली. धक्क्याच्या टोकाला, काठावरून दिसत नाही अशा खालच्या पायरीवर, गोगलगाय पाण्यात पाय सोडून बसली होती. नखशिखांत भिजलेली. हातात पोहण्याची टोपी. टोपी पाण्यात पडली होती म्हणून ती एकटीच परत उतरली होती. कुठपर्यंत, असं ताईने विचारलं तर तिने हनुवटीला हात लावून दाखवला.

"मग हाक का नाही मारलीस?" ताई म्हणाली.

"मी वर आले होते ना. पण बिल्ला पांढरा होता." गोगलगाय शांतपणे म्हणाली. "म्हणजे मी गेलेली होते. मग मला कोण शोधणार?"

ताईने तिला उचललं, आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

दोघी कुंपणावरूनच बाहेर आल्या; कुणाला काही कळलं नव्हतं. टोपी विसरली होती, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. शिबिराचा अजून एक महिना बाकी होता, आणि ती आली होती ती तळ्यासाठी. तळं गेलं तर तिथे तिचं काम काय? तरी तिसऱ्या प्रहरी ती वल्ही ठेवायच्या कोठीत गेली आणि शिट्टीबाईंना सगळं सांगितलं.

त्यांनी हातातलं वल्हं भिंतीला टेकवून ठेवलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "आज पहिल्यांदाच?"

"नाही," ताई म्हणाली. "रोज."

शिट्टीबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, की म्हणजे बारा दिवस ही मुलगी पाण्याबाहेर आहे की नाही ते तुझं तू ठरवत होतीस. मग त्यांनी निकाल दिला. ताईला तळं आजपासून बंद, मुलींना तिथे दुसरं कुणी नेईल. दहा दिवसांनी त्या खोलीवर येऊन पाहतील, की मुली स्वतःचं स्वतः काय काय करतात. नाही दिसलं, तर ताईने घरी जायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या विश्रांतीच्या वेळी, कपडे वाळत घालायच्या अंगणात उभं राहून तिने धाकटीला फोन लावला. धाकटी आधी हसली, माझ्या लग्नात मला चपलाही तूच घालणार असशील म्हणाली, आणि मग तिने एक जुनी गोष्ट काढली.

"ताई, होस्टेलला गेले ना, तेव्हा पहिले आठ दिवस मी वर्गात एकही वही नेली नव्हती. सर विचारायचे. मला वाटायचं, वह्या असतातच दप्तरात."

"कधी बोलली नाहीस ते?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"मग आता का सांगतेस?"

"आता तू लांब आहेस. धपाटा घालायला येणार नाहीस."

अंगणात नऊ टॉवेल वाऱ्यावर हलत होते. वेडेवाकडे, एकही सरळ नाही. ताईने ते सरळ करायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

पुढचे दिवस बघवत नव्हते. मुलींच्या केसांची घरटी झाली. बटणं एक घर सोडून लागली. जिथे तिथे ही खोली उशिरा पोचू लागली आणि बाकीच्या खोल्यांतली मुलं ह्यांना बघून टाळ्या पिटू लागली. ताई खाटेवर बसे, आणि हात वळवळू लागले की मांड्यांखाली दाबून ठेवी. आठ जणी हळूहळू सरावल्या. गोगलगाय मात्र सुटलेली नाडी हातात धरून ताईकडे बघत राही.

चौथ्या दिवशी तिने विचारलं, "तू माझ्यावर रागावलीस?"

"नाही ग."

"मग नाडी का नाही बांधत?"

ताईला परक्या भाषेतले शब्द गोळा करावे लागले, पण अडचण तेवढीच नव्हती. "तुझं सगळं मीच केलं," ती शेवटी म्हणाली, "तर तू कुठे आहेस ते मला कळत नाही. त्या दिवशी कळलं नाही, बघ."

गोगलगायीने ह्यावर पुष्कळ विचार केला. मग खाली वाकून तिने एक फास घातला. तो सुटला. दुसरा घातला.

दहाव्या दिवशी, न्याहारीची घंटा होत असताना शिट्टीबाई आल्या आणि नेमक्या पायरीवर उभ्या राहिल्या. आठ जणी त्यांच्या दोन्ही बाजूंनी निसटून पळाल्या. उंबऱ्यात उरली ती एकटी गोगलगाय आणि तिचा डावा बूट. शिट्टीबाईंनी घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं. घरी न्यायची बॅग खाटेखाली होती आणि ती कशी भरायची, हेसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं. पण ती जागची हलली नाही. नाडीचा एक कान मोठा झाला, एक बारका. गोगलगाय उठली, एक पाय आपटून पाहिला, आणि शिट्टीबाईंना म्हणाली, "जरा बाजूला व्हाल? मला उशीर होतोय."

शिट्टीबाई बाजूला झाल्या. ती उतारावरून दिसेनाशी होईपर्यंत त्या तिकडे बघत राहिल्या, आणि मग ताईला म्हणाल्या, की तळं साडेदहालाच उघडतं, हे विसरली नसशील.

त्या दिवशी ताई फळ्यापाशी उभी होती. जेवणाची घंटा झाली, सगळे वर गेले, आणि सगळ्यांच्या शेवटी गोगलगाय निथळत आली. ओल्या बोटांतून बिल्ला निसटला आणि गवतात पडला. कुठे पडला ते ताईला दिसत होतं. तिच्या पायापासून वीतभर अंतरावर. ती कुंपणापलीकडच्या झाडांकडे बघत राहिली. गोगलगाय गुडघ्यांवर बसून गवत चाचपत होती. वरून कुणीतरी हाका मारत होतं.

"सापडला," ती म्हणाली. ताईला नव्हे, स्वतःलाच.