आमेन

विझलेल्या मेणबत्तीचा जळका वास आला, की मी सौंसरच्या आमच्या अंगणात जाऊन उभी राहते. बाबा गेले त्या आठवड्यातली संध्याकाळ होती. बाबांच्या फोटोपुढं बुद्धवंदना चालली होती आणि संत्र्याच्या बगीच्याकडून येणाऱ्या वाऱ्यानं मेणबत्त्या थरथरत होत्या. मी मिशनच्या शाळेत आठवीत होते. रोज सकाळी तिथं प्रार्थनेला उभी राहायचे तशीच इथंही हात जोडून, डोळे मिटून उभी होते. वंदना संपली, सगळे "साधु, साधु, साधु" म्हणाले आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "आमेन." "काय बोलून राहिली वं पोरी? बापाच्या फोटोसमोर?" काका ओरडले. माय खाली मान घालून म्हणाली, "तिच्या बापानंच टाकलं तिले त्या शाळेत. तिले नका बोलू." तेवढ्यात वाऱ्यानं फोटोपुढची एक मेणबत्ती विझली. आता मी विहारात जात नाही, चर्चमध्येही नाही. घरात फक्त बाबांचा तो फोटो आहे. त्याच्यापुढची मेणबत्ती विझली की माझे ओठ आपोआप हलू लागतात, आणि कोणता शब्द निघेल या भीतीनं मी तोंडावर हात दाबून धरते.