ढग नको म्हणणारी पोरगी

आमच्या शिवकांताला खोटं बोलता येत न्हाई, हा तिचा एकच दोष. माझ्या भावाची, मडिवाळप्पाची, ही थोरली. उदगिरात आमचं किराणा दुकान. गिऱ्हाइकानं विचारलं, "बाळ, डाळ नवी हाय का?" तर ही शाळकरी पोर सांगायची, "न्हाई काकू, मागच्या सालची हाय." भाऊ कपाळाला हात लावायचा. मी मात्र तोंडाला पदर लावून हसायचे. अशी पोरगी मला लई आवडती, काय करू!

शिकून ती हैदराबादला नोकरीला लागली. काम काय, तर आभाळातून फिरणारा उपग्रह हिमालयातल्या बर्फाचे फोटो पाठवतो, ते तपासायचे. बर्फ कुठं वाढलं, कुठं घटलं, ते नकाशावर आखायचं. लोक म्हणायचे, "इथं प्यायला पाणी न्हाई अन् मडिवाळप्पाची पोरगी बर्फ मोजून राहिली!" मोजू द्या की. तुमच्या बापाचं काय जातंय?

त्या साली दुष्काळ असा, की लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्याकडं टँकर आला की वरात आल्यागत सगळी गल्ली धावायची. पुढारी मात्र 'उदगीर जिल्हा करा' म्हणून चौकात मांडव टाकून बसलेले. करा बाबांनो जिल्हा, पण आधी नळाला पाणी सोडा, असं मी त्यांच्या तोंडावर बोलले.

अशात शिवकांता सुट्टीला घरी आली, तवा देवणीहून उमाबाई तिला बघायला आल्या. घर शेतकऱ्याचं, चांगलं. पोरगा सिद्धेश्वर हैदराबादेतच कामाला. पोहे झाले, चहा आला. उमाबाईंनी हौसेनं विचारलं, "कामात तरास काय होतो का गं?"

"ढगांचा," पोरगी म्हणाली. "ढग पांढरा, बर्फ बी पांढरं. ढग आला की खालचं काहीच दिसत न्हाई, फोटो वाया. म्हणून रोज सकाळी वाटतं, आज ढग नको."

झालं! उमाबाईंनी कप खाली ठेवला. "आमची ईहीर कोरडी पडली. ढगासाठी देव पाण्यात घालावेत, तर तेवढं बी पाणी न्हाई घरात. अन् ही म्हणती ढग नको!" उठल्या अन् गेल्या.

गल्लीभर झालं, मडिवाळप्पाची पोरगी ढग घालवती. भाऊ घाबरला. "बास झाली नोकरी. आता हैदराबादला जायचं न्हाई," म्हणाला. शिवकांता रडली न्हाई, पण जेवली बी न्हाई. मला ते बघवेना. मी उमाबाईंना फोन लावला अन् तोंडाला येईल ते बोलले. "हिमालयातला ढग देवणीला येणार होता का, ओ? आमच्या पोरीनं तो हाकलला म्हणून तुमची ईहीर आटली का? आधी येऊन बघा तरी ती काय करती!" अन् फोन ठेवला. होती नव्हती ती सोयरीक मीच घालवली, असं वाटलं.

तर दुसऱ्या दिवशी बाई दारात हजर! "दाखव," म्हणाल्या.

शिवकांतानं लॅपटॉप उघडला. एकाच डोंगराचे दोन फोटो, मधी बरीच वर्षं गेलेली. पहिल्यात बर्फाचा पांढरा पट्टा पार दरीत उतरलेला. दुसऱ्यात तो मागं सरकलेला अन् खाली नुसता खडक. पोरगी समजावून सांगायला लागली, तर उमाबाईंनी हातानंच थांबवलं. त्या उघड्या खडकावर बोट ठेवून बसल्या.

"हे आटून राहिलंय गं," म्हणाल्या. "आमच्या ईहिरीच्या पायऱ्या अशाच एकेक उघड्या पडल्या. येता-जाता बघत होतो आम्ही, पण कुणी मोजलं न्हाई." त्यांचे डोळे भरले. माझे बी. "ह्या बर्फाच्या पाण्यावर गावं जगत असतील ना?"

"हाव. लई गावं. खाली मोठमोठ्या नद्या हाईत."

"मग बघायलाच पाहिजे कुणीतरी."

भावाला वाटलं, जमलं आता. हात जोडून पुढं आला. "ताई, तुम्ही काळजीच करू नका. ती नोकरी सोडून राहिली. मी सांगितलंय तिला."

"सोडून राहिली?" उमाबाई कडाडल्या. "तिनं नोकरी सोडली तर आमचा नकार समजा!"

भाऊ पोरीकडं वळून हळूच म्हणाला, "हैदराबादची गाडी किती वाजता असती गं?"