उघड्या स्क्रूंची भिंत

सासरे मला 'वकीलबाई' म्हणायचे ते फक्त पाहुण्यांसमोर. एरवी महाडच्या त्यांच्या वकिलीच्या ऑफिसात मी म्हणजे टायपिंग करणारी आणि तारखा लक्षात ठेवणारी सून. माझ्याकडे सनद होती, लग्नाआधी मी पुण्यात एका वकिलांच्या हाताखाली काम केलं होतं, पण बसायला मिळाला कारकुनाच्या टेबलाचा कोपरा. समोरच्या बाकांवर जमिनीच्या भांडणातले बाप्ये दिवसभर ठाण मांडून असायचे. त्यांच्यादेखत पोलादपूरकडच्या एखाद्या बाईने नवरा मारतो, पोटगी देत नाही, हे मला सांगायचं कसं? बिचाऱ्या तोंडाशी पदर धरून पुटपुटायच्या आणि मला अर्धंच ऐकू यायचं. म्हणून मी स्वतंत्र खोली मागितली आणि मागतच राहिले.

शेवटी सासरे तयार झाले, पण विटांच्या भिंतीला नाही. दोन हजार सालानंतरचे ते दिवस, गावात बँका आणि मोबाईलची दुकानं जिप्सम बोर्डाने सजू लागली होती. मुंबईत फॉल्स सीलिंगची कामं करून परत आलेला पोलादपूरचा एक मिस्त्री त्यांनी बोलावला. त्याने पत्र्याचा सांगाडा उभा केला, दोन्ही बाजूंनी बोर्ड ठोकले आणि मोठ्या खोलीतून माझी एक लहानशी खोली निघाली. मी हरखून गेले. पांढऱ्या बोर्डावर स्क्रूंची काळी डोकी सगळीकडे उमटली होती, बोर्डांचे सांधे उघडे होते, पण ते काम बाकी असणार असं मी धरून चालले.

तर मिस्त्री हत्यारं आवरायला लागला.

"लांबी कधी भरणार?" मी विचारलं. स्क्रू आणि सांधे झाकायला जॉइंट कंपाऊंडचा जो लेप देतात, त्याला आमच्याकडे सरसकट लांबीच म्हणतात.

"लांबी भरायची नाय, वयनी. साहेबांनी सांगितलंय, स्क्रू उघडंच ठेव."

"का?"

तो पिशवीत तोंड घालून म्हणाला, "धाकलं साहेब वकील व्हऊन येणार हायत ना. मंग सगळी खोली लागंल. स्क्रू दिसत असलं की खोलायला बरं."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. धाकले साहेब म्हणजे माझा दीर. त्याची शेवटच्या वर्षाची परीक्षासुद्धा व्हायची होती, आणि त्याच्यासाठी माझी भिंत कशी निघेल याचा विचार ती उभी राहण्याआधीच झाला होता!

रात्री जेवताना मी विषय काढला. सासरे शांतपणे म्हणाले, "अगं, चिडतेस काय? उद्या मूलबाळ झालं की तू काय रोज येणार आहेस? नुसते स्क्रू काढले की बोर्ड आख्खे निघतात, माडीवर वापरता येतील. लांबी भरली की तोडावे लागतात, सगळा माल फुकट." माझा नवरा खाली मान घालून आमटीतली आमसुलं बाजूला काढत होता. एरवी त्याला आमसुलं आवडतात.

मी तरीही त्या खोलीत बसू लागले. पण एके दिवशी कापडे गावाकडची एक बाई आली, बोलता बोलता थांबली आणि सांध्यावरून बोट फिरवत म्हणाली, "बाय, ही भिंत हाय का पडदा? पलीकडं कोन खोकला तो मला हितं ऐकाय आला." त्यानंतर ती कुजबुजायलाच लागली. खोली मिळूनही मी होते तिथेच होते. त्या दिवशी मी ठरवलं, की ही भिंत मी भिंतच करणार.

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली. सासरे भाताच्या पेरणीआधीची कामं बघायला शिवथरच्या खोऱ्यात, गावच्या घरी गेले. मी बाजारातून जॉइंट कंपाऊंड, कागदी टेप आणि पत्र्याची पट्टी आणली. "मिस्त्रीला पाठवा की," दुकानदार म्हणाला. का पाठवू? भिंत माझी होती.

पहिल्यांदा मी ते पिठल्यासारखं पातळ कालवलं आणि ते बोर्डावरून ओघळलं. मग घट्ट कालवलं. पट्टी फिरवली की काही ठिकाणी खट्ट आवाज यायचा, म्हणजे स्क्रू वर राहिलेला. तो आधी पिळून आत बसवायचा, मग लेप. सांध्यांवर टेप बसवली, तीही लेपाखाली दडपली. वाळल्यावर पाहिलं तर प्रत्येक स्क्रूवर खळगी पडलेली! मी मनातल्या मनात सगळ्या सासरच्यांचा उद्धार केला आणि दुसरा हात दिला, पहिल्यापेक्षा रुंद. मग पॉलिश पेपरने घासलं. उकाड्यात घामावर ती पांढरी भुकटी बसून माझं पार भूत झालं. पलीकडच्या बाजूलाही हेच सगळं केलं. शेवटी रंग दिला आणि डोळे मिटून तळहात फिरवला. एकही स्क्रू हाताला लागला नाही. इतका आनंद मला सनद मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

सासरे परतले, भिंत पाहून त्यांनी फक्त हुंकार दिला. पावसाळ्यात दिराचा निकाल लागला. दुसऱ्याच दिवशी, माझ्यासमोर एक पक्षकार बाई बसलेली असताना, सासरे त्या मिस्त्रीला घेऊन आत आले. "ही काढायची आहे," ते म्हणाले. मला विचारणं सोडाच, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी खुर्चीतून उठले नाही. "काढायची असेल तर माझ्यादेखत काढा," मी म्हणाले.

मिस्त्रीने भिंतीवरून हात फिरवला, एकदा वर, एकदा खाली. "स्क्रू गावत नाय, साहेब. आता फोडूनच काढाया लागंल. बोर्ड काय हाती यायचं नायत."

"सगळे फुटतील?"

"व्हय."

सासऱ्यांचा चेहरा पडला. भिंतीकडे बघतच ते म्हणाले, "राहू दे मग. धाकट्याला बाहेर टेबल लावू."

भिंत राहिली, मीही राहिले. येणारेजाणारे सासऱ्यांचं कौतुक करत, सुनेला स्वतंत्र खोली दिली म्हणून, आणि ते ऐकून सासरे मान डोलवत. माझा अजून संताप होतो. चांगले बोर्ड फुकट जातील म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला. माझी सनद फुकट जाईल, याचं त्या घरात कुणालाच काही वाटलं नव्हतं.